काटकोनाची खूण

फळ्यावर त्रिकोण काढायचा, 'हा काटकोन' असे म्हणायचे आणि कोपऱ्यात एक इवलासा चौकोन काढून पुढे जायचे, ही भूमिती शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताची सवय आहे. मोकळ्या हाताने काढलेला तो कोन प्रत्यक्षात ८५ अंशांचा असतो, कधी ९४ अंशांचा. तरी कोणी विद्यार्थी कोनमापक घेऊन फळ्याजवळ येत नाही, आणि त्याने येऊही नये. कारण तो चौकोन म्हणजे मोजमापाचा निष्कर्ष नव्हे. 'हा कोन काटकोन आहे असे धरून चाला' असा तो शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील करार असतो. आकृती वाकडी असली तरी चालते, खूण असली म्हणजे झाले.

आता हीच आकृती संगणकाच्या पडद्यावर काढून पाहा. भूमितीच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदू घेऊन कोन मोजायला सांगितला, तर एरवी त्या कोनात लहानसा कंस दिसतो. पण कोन काटकोन असेल, तर कंसाच्या जागी चौकोनी खूण आपोआप उमटते. ती आपण काढलेली नसते. मग ती कोणाच्या अधिकाराने उमटली? संगणकाने कोन मोजला, गृहीत धरला, की सिद्ध केला? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु भूमितीत 'दिलेले' काय, 'दिसलेले' काय आणि 'सिद्ध झालेले' काय, हा भेद ज्याला कळला त्याला सिद्धता म्हणजे काय ते कळले, असे म्हणायला हरकत नाही. आणि हा भेद त्या इवल्याशा चौकोनात दडलेला आहे. म्हणून या खुणेच्या इतिहासाकडे थोडे मागे जाऊन पाहू.

दोरीवरची खूण

काटकोनासाठी केलेल्या खुणांपैकी एक फार जुनी खूण कागदावर नव्हती, ती दोरीवर होती. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत दोरीच्या साहाय्याने काटकोन मिळवण्याच्या रीती दिल्या आहेत. शुल्ब म्हणजेच दोरी. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रातील एक रीत अशी आहे. जेवढी लांबी हवी तेवढ्या अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. त्या लांबीत तिचाच अर्धा भाग मिळवून तेवढी दोरी घ्यायची. मिळवलेल्या भागाचा सहावा हिस्सा कमी करून, पश्चिमेकडील टोकापासून तेवढ्या अंतरावर दोरीवर खूण करायची. सूत्रात या खुणेला 'लक्षण' असा शब्द आहे. दोरीची दोन टोके दोन खुंट्यांना बांधायची आणि ही खूण धरून दोरी बाजूला ताणायची.

आकडे घालून पाहू. महावेदीची लांबी ३६ प्रक्रम. तिच्यात १८ मिळवले की दोरी ५४ प्रक्रमांची होते. १८ चा सहावा भाग ३, तो वजा केला की १५ उरतात. म्हणजे खुणेच्या एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला ३९ प्रक्रम दोरी राहते. दोरी ताणल्यावर १५, ३६ आणि ३९ बाजूंचा त्रिकोण तयार होतो. १५ चा वर्ग २२५, ३६ चा वर्ग १२९६, त्यांची बेरीज १५२१, आणि हाच ३९ चा वर्ग. पश्चिमेकडील खुंटीपाशी काटकोन मिळाला. लांबी कोणतीही घेतली तरी या रीतीने बाजूंचे प्रमाण ५ : १२ : १३ असेच राहते.

प्राचीन इजिप्तमधील दोरी ताणणारे लोक ३, ४, ५ च्या त्रिकोणाने काटकोन आखत, ही गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते. मात्र तिला इजिप्शियन लेखांचा थेट आधार नाही. ती मोरिट्झ कँटर या जर्मन इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकात केलेली अटकळ होती. शुल्बसूत्रांची गोष्ट वेगळी आहे, तेथे रीत शब्दांत लिहिलेली आहे. आपल्याकडचा गवंडी आजही घराचा पाया आखताना सुतळी आणि टेप घेऊन ३, ४, ५ चा मेळ घालून पाहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोरीवरील खूण अगोदर होते आणि काटकोन नंतर मिळतो. खूण काटकोनाची माहिती देत नाही, ती काटकोन घडवते.

वाक्यातला काटकोन

युक्लिडकडे आलो की चित्र पालटते. त्याच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथात अंश नाहीत, कोनमापकही नाही. एका रेषेवर दुसरी रेषा अशी उभी राहिली की लगतचे दोन्ही कोन एकमेकांएवढे झाले, तर त्यांतील प्रत्येक कोन काटकोन, ही त्याची व्याख्या. म्हणजे काटकोन ओळखायला मोजमाप लागत नाही, फक्त समानता लागते. कागदाला एक घडी घालून तिच्या कडा एकमेकींवर जुळवत दुसरी घडी घातली की काटकोन मिळतो, तो याच कारणाने. सगळे काटकोन परस्परांएवढे असतात, हे युक्लिडने चौथे गृहीतक म्हणून स्वतंत्रपणे नोंदवले आहे.

पण त्याच्या आकृत्यांत काटकोनाची खूण कोठे आहे? 'मूलतत्त्वे'ची इ.स. ८८८ मध्ये लिहून पूर्ण झालेली एक हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. अशा जुन्या ग्रीक प्रतींतील आकृत्यांत बिंदूंना अक्षरे दिलेली असतात, परंतु कोपऱ्यात चौकोन नसतो. कोन काटकोन आहे हे वाक्यात सांगितलेले असते. जपानी अभ्यासक केन साइतो यांनी या आकृत्यांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा एक गमतीची गोष्ट पुढे आली. मजकुरात साधा समांतरभुज चौकोन म्हटलेला असतो आणि नकलकाराने काढलेला असतो आयत. मजकुरात कोणताही त्रिकोण असतो आणि आकृतीत समद्विभुज. म्हणजे डोळ्यांना काटकोन दिसतो, पण तो 'दिलेला' नसतो. वाचणाऱ्याने वाक्यावर विश्वास ठेवायचा, आकृतीवर नाही, अशी ती शिस्त होती.

१६३४ साली पिएर एरिगोन या फ्रेंच गणितज्ञाने सिद्धता शब्दांऐवजी चिन्हांत लिहिण्याचा मोठा प्रयत्न केला. त्याच्या ग्रंथात 'लंब आहे' या अर्थी ⊥ हे चिन्ह आढळते. जे पूर्वी वाक्यात होते ते आता एका चिन्हात आले. पुढे पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांच्या कोपऱ्यांत काटकोनाची खूणही रूढ झाली, म्हणजे वाक्यातील गोष्ट थेट आकृतीत जाऊन बसली. ही खूण सगळीकडे सारखी नाही. आपल्याकडे, इंग्लंड-अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये चौकोन काढतात, तर जर्मनी-ऑस्ट्रियातील शाळांत कोनात कंस काढून त्याच्या पोटात एक टिंब देतात. अक्षरे व चिन्हे संगणकात साठवण्यासाठी जी 'युनिकोड' ही जागतिक यादी आहे, तिच्यात चौकोन असलेला आणि टिंब असलेला, अशा दोन्ही काटकोनांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत.

खुणा खऱ्या, निष्कर्ष खोटा

आकृतीत खुणा आल्यामुळे सोय झाली, तशी एक भीतीही आली. खुणा पाहून आपण संपूर्ण आकृतीवरच भरवसा ठेवू लागतो. केंब्रिजचे गणितज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. राऊझ बॉल यांनी १८९२ साली गणिती करमणुकीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात काटकोन हा विशालकोनाएवढा असल्याची एक 'सिद्धता' आहे. ती वर्गात अवश्य मांडावी.

अबकड हा आयत घ्या. बाजू अड पायाशी आडवी ठेवा आणि शिरोबिंदू ब हा अ च्या वर घ्या. अ पासून आयताच्या बाहेर किंचित कललेला अप हा रेषाखंड काढा. त्याची लांबी अब एवढीच ठेवा. आता बक आणि कप यांचे लंबदुभाजक काढा. ते म या बिंदूत मिळतात असे समजा. म हा कप च्या लंबदुभाजकावर असल्याने मक = मप. बक चा लंबदुभाजक तोच अड चाही लंबदुभाजक असल्याने मड = मअ. शिवाय कड = अब = अप. म्हणून बाबाबा कसोटीने त्रिकोण मडक आणि मअप एकरूप झाले, आणि कोन मडक = कोन मअप. परंतु त्रिकोण मडअ समद्विभुज असल्याने कोन मडअ = कोन मअड. समान कोनांतून समान कोन वजा केले की कोन अडक = कोन डअप. डावीकडे काटकोन, उजवीकडे विशालकोन!

एकरूपता खरी आहे, काटकोनाच्या सगळ्या खुणाही खऱ्या आहेत. मग चूक कोठे आहे? अड ८ सेंटिमीटर घ्या आणि अप हा अब पासून १० अंशांनी कलवा. हिशेब केला तर म हा बिंदू अड च्या खाली सुमारे ४५.७ सेंटिमीटरवर येतो. वहीच्या पानावर तो मावणारच नाही. म्हणून काढणारा आकृती 'सोयीने' काढतो, म जवळ ओढतो, आणि तसे करताना मप ही रेषा अ च्या आतील बाजूने जाते. प्रत्यक्षात ती अ च्या बाहेरील बाजूने जाते. त्यामुळे कोन मअप हा मअड आणि डअप यांची बेरीज नसतोच, आणि शेवटची वजाबाकी कोसळते. खुणा आपल्याला सांगितलेल्या गोष्टींची हमी देतात. न सांगितलेल्या गोष्टी आपण डोळ्यांनी उचलतो आणि तेथे फसतो.

पडद्यावरची खूण

आकृती स्वतःच अचूक राहिली तर ही फसगत टळेल. हे काम संगणक करू शकतो, हे १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इव्हान सदरलँड या तरुणाने पीएच.डी.च्या प्रबंधातून दाखवले. त्याच्या प्रणालीचे नाव 'स्केचपॅड'. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेषा ओबडधोबड काढायच्या आणि मग 'या दोन रेषा लंब हव्यात' अशी अट घालायची. संगणक त्या रेषा सरकवून अट पूर्ण करी. ही अट पडद्यावर पाहताही येई. एका छोट्या वर्तुळात तिचे सांकेतिक चिन्ह, आणि ज्या घटकांवर ती लागू आहे त्यांच्याकडे जाणाऱ्या वर्तुळाच्या भुजा. येथे खूण अगोदर आणि काटकोन नंतर. आपस्तंबाच्या दोरीचीच ही रीत म्हणायची.

शाळेच्या भूमितीला हे साधन मिळायला मात्र आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे झाँ-मारी लाबोर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॅब्री' हे सॉफ्टवेअर तयार केले. १९८८ साली ते जगापुढे आले. या नावातील फ्रेंच शब्दांचा अर्थ 'संवाद साधणारी कच्ची वही' असा आहे. १९९१ साली अमेरिकेत निकोलस जॅकिव यांचे 'जिऑमेटर्स स्केचपॅड' आले. दोन्हींचा प्राण एकच होता. बिंदू धरून ओढता येतो, आणि रचना करताना घातलेले संबंध ओढल्यावरही टिकून राहतात. अंदाजाने उभी काढलेली रेषा ओढताच कलंडते, तर 'लंब' हे साधन वापरून काढलेली रेषा काही केल्या कलत नाही. कोलेट लाबोर्द यांच्यासारख्या शिक्षणसंशोधकांनी यातूनच 'चित्र' आणि 'आकृती' असा भेद मांडला. डोळ्यांना दिसते ते चित्र, आणि संबंधांनी बांधलेली असते ती आकृती.

२००१ साली ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठातील प्रबंधासाठी मार्कुस होहेनवार्टर यांनी 'जिओजेब्रा' रचायला घेतले. शाळांना विनामूल्य मिळत असल्याने ते आज अनेक देशांच्या वर्गांत पोचले आहे. त्यात काटकोनाची खूण कशी दिसावी हे निवडता येते. चौकोन, कंसातील टिंब, ∟ असा नुसता कोपरा, किंवा वेगळी खूणच नको. देशोदेशींच्या फळ्यांवरील सवयी अशा एका यादीत येऊन बसल्या आहेत.

यंत्राला काटकोन कसा कळतो?

जिओजेब्रा ही खूण मोजमापावरून काढते. बिंदूंच्या निर्देशकांवरून कोनाचे माप काढायचे आणि ते काटकोनाएवढे असेल तर चौकोन दाखवायचा. पण संगणक दशांश संख्या सुमारे पंधरा-सोळा अंकांपर्यंतच साठवतो. त्यामुळे खरोखरीच्या काटकोनाचेही माप हिशेबात शेवटच्या एखाद्या अंकाने चुकू शकते. म्हणून अत्यंत सूक्ष्म फरकाकडे दुर्लक्ष करून कोन काटकोन मानावा लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पडद्यावर '९०°' असे लिहून येणे आणि चौकोन उमटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माप पूर्ण अंशांत दाखवायला सांगितले असेल तर ८९.७ अंशांचा कोनही ९०° असा दिसतो. चौकोन मात्र येत नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट, हा चौकोन फक्त 'या क्षणी' कोन काटकोन आहे एवढेच सांगतो. 'नेहमीच' असेल असे तो सांगत नाही.

'नेहमीच' हे संगणकाला सांगता येते का, याचेही प्रयत्न झाले. कॅब्रीच्या पुढील आवृत्तीत 'या रेषा लंब आहेत का' असे विचारण्याची सोय होती. १९९९ साली आलेल्या 'सिंड्रेला' या जर्मन गणितज्ञांच्या सॉफ्टवेअरने निराळी युक्ती केली. मोकळे बिंदू यदृच्छेने इकडेतिकडे हलवून पाहायचे, आणि संबंध प्रत्येक वेळी टिकला तर तो योगायोग नाही असे मानायचे. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीपासून जिओजेब्रात दोन वस्तूंमधील संबंध विचारला, तर आधी 'संख्यांनी तपासले' असे उत्तर येते, आणि पुढे विचारल्यास ते सॉफ्टवेअर बीजगणिताने सिद्धतेचा प्रयत्न करते. तपासणे आणि सिद्ध करणे यांत यंत्रालाही फरक करावा लागला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

तीन चौकोन

शेवटी एक प्रयोग. पडद्यावर तीन आकृत्या शेजारीशेजारी काढा. पहिलीत, बिंदू जाळीला चिकटतील अशी सोय चालू ठेवून जाळीच्या छेदनबिंदूंवर तीन मोकळे बिंदू घ्या, म्हणजे काटकोन सहज जमेल. दुसरीत 'लंब' या साधनाने काटकोन काढा. तिसरीत एका वर्तुळाचा व्यास घेऊन वर्तुळावर एक बिंदू ठेवा आणि व्यासाची टोके त्याला जोडा. तिन्ही ठिकाणी कोन मोजा. तीन अगदी सारखे चौकोन उमटतील.

आता विद्यार्थ्यांना बिंदू ओढू द्या. पहिला चौकोन लगेच नाहीसा होईल, कारण तो योगायोगाचा होता. दुसरा टिकेल, कारण तो आपणच दिलेला आहे. तिसराही टिकेल, पण तो आपण दिलेला नाही. व्यास आणि वर्तुळ एवढेच आपण दिले होते. मग काटकोन आला कोठून? अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, या प्रमेयाची गरज येथे वर्गाला प्रथमच खरोखर भासेल. सिद्धता याच चौकोनासाठी हवी असते. पहिल्याला ती मिळणार नाही, दुसऱ्याला ती लागत नाही.

प्रयोग करताना दोन अडचणी येतील, त्या आधीच माहीत असाव्यात. ओढलेला बिंदू व्यासाच्या टोकावर नेला तर कोनाची एक भुजाच उरत नाही, म्हणून खूण जाते. ते योग्यच आहे. आणि बिंदू दुसऱ्या अर्धवर्तुळात नेला तर माप २७०° दिसून चौकोन लोपण्याची शक्यता असते, कारण सॉफ्टवेअर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ३६० अंशांपर्यंत मोजत असते. कोन १८० अंशांपर्यंतच मोजण्याचा पर्याय निवडला की चौकोन परत येतो. प्रमेय मोडले नव्हते, मोजण्याची दिशा बदलली होती.

ज्या शाळेत संगणक नाही तेथेही हा भेद शिकवता येतो. फळ्यावरील आकृतीत प्रमेयात दिलेल्या काटकोनाची खूण पांढऱ्या खडूने करावी. जो काटकोन सिद्ध करायचा आहे त्याची खूण सिद्धता पूर्ण होईपर्यंत करूच नये, आणि झाल्यावर रंगीत खडूने करावी. उत्तरपत्रिका तपासताना आपण पाहतो, की अनेक विद्यार्थी सिद्ध करायच्या काटकोनात आधीच चौकोन काढतात आणि मग त्याच चौकोनाचा आधार घेऊन सिद्धता लिहितात. त्यांना नुसते 'चूक' असे म्हणण्यापेक्षा 'हा चौकोन तुला कोणी दिला?' एवढे विचारावे. उत्तर शोधताना तो विद्यार्थी भूमितीच करत असेल.